मागे चालणाऱ्याचा देव

वारीतल्या दिंड्यांचे क्रमांक दोन तऱ्हेचे असतात: रथापुढचे आणि रथामागचे. कोणती दिंडी कुठे चालणार हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं आणि त्याचा मान फार जपला जातो. देहूतला पहिला मुक्काम आटोपून तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आकुर्डीच्या विठ्ठल मंदिराकडे येते, तेव्हा निगडीच्या पुढे रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की हा क्रम डोळ्यांनी दिसतो. पुढच्या दिंड्यांची पाठ रथाकडे असते आणि मागच्या दिंड्यांसमोर दिवसभर रथाची पाठ असते. गाभाऱ्यातल्या मूर्तीला एक दर्शनी बाजू पुरते, कारण भक्त समोरून येतो आणि समोरूनच परततो. चालत्या देवाचं तसं नाही. त्याची पाठही कुणीतरी मैलोन्‌मैल पाहत चालत असतं. त्या माणसाला काय दाखवायचं, हा मूर्तिकारापुढचा फार जुना पेच आहे.

बरोक शैलीतली कोरीव, सोनेरी, दुहेरी मिरवणूक-प्रतिमा हे या पेचाचं युरोपातलं एक सुरेख उत्तर. सतराव्या-अठराव्या शतकात युक्रेन, बाल्कन आणि आसपासच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाजात अशा प्रतिमा घडत होत्या. मधोमध एक लाकडी फळी; तिच्या एका अंगाला मेरी आणि बाळ येशू, दुसऱ्या अंगाला संत निकोलस किंवा क्रूसावरचा येशू. भोवती वेलबुट्टीची, शिंपल्यांची, देवदूतांच्या मुखड्यांची कोरीव चौकट, तिच्यावर सोन्याचा वर्ख आणि तळाला दांडा बसवायची खोबण. चौकटसुद्धा दोन्ही बाजूंनी सारख्याच निगुतीने कोरलेली. मिरवणुकीत पुढे असलेला आणि मागून येणारा, दोघांनाही पूर्ण चित्र मिळावं ही त्यामागची जाण मला फार मोलाची वाटते.

ही कल्पना बरोकच्या कितीतरी आधीची आहे. कॉन्स्टँटिनोपलमध्ये मेरीची होदेगेत्रिया नावाची प्रतिमा दर मंगळवारी मिरवत असत. ती भलतीच जड होती, तरी एकच माणूस ती पेलून नाचवल्यासारखी फिरवायचा, असं १४०३ मध्ये तिथे गेलेल्या क्लाविहो या स्पॅनिश राजदूताने लिहून ठेवलं आहे. १४५३ मध्ये शहर पडलं तेव्हा ती प्रतिमा नाहीशी झाली. तिच्या वळणाच्या इतर दुहेरी प्रतिमा मात्र टिकल्या. ग्रीसमधल्या कास्तोरिया इथल्या बाराव्या शतकातल्या प्रतिमेत पुढच्या बाजूला मूल कडेवर घेतलेली, कपाळावर आठी पडलेली मेरी आहे आणि मागे तिचाच मुलगा मृतावस्थेत. पुढून पाहणाऱ्याला आईची चिंता दिसते, मागून येणाऱ्याला त्या चिंतेचं कारण. मॉस्कोत जपलेली व्लादिमीरची प्रसिद्ध मेरीही अशीच दुहेरी आहे. तिच्या मागच्या अंगावर येशूच्या छळाची साधनं ठेवलेली वेदी नंतर रंगवली गेली.

पोर्तुगालने हीच युक्ती कापडावर केली. तिथल्या मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थांच्या निशाणावर एका बाजूला पदराखाली सगळ्यांना घेणारी दयामाता आणि दुसऱ्या बाजूला मृत येशूला मांडीवर घेतलेली मेरी असे. ही संस्था सोळाव्या शतकातच गोव्यात आली. त्याच वाटेने बरोकही आपल्या किनाऱ्याला लागलं.

गोव्यातल्या सोनेरी लाकूडकामाचा दबदबा जुन्या गोव्यात पाऊल टाकताच जाणवतो. बॉम जेझू बॅसिलिकाचं बांधकाम १५९४ ते १६०५ मधलं. तिथल्या मुख्य वेदीवर इग्नेशियस लोयोलाची भव्य मूर्ती, भोवती पिळदार खांब आणि जमिनीपासून छतापर्यंत चढत गेलेलं सोनं. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्च १६६१ मध्ये नव्याने उभं राहिलं. तिथेही हाच थाट. ही कामं करणारे हात बव्हंशी इथलेच होते. १५६७ च्या गोव्यातल्या पहिल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती प्रतिमा घडवण्याचं काम हिंदू कारागिरांना देऊ नये असा ठराव केला. पुढेही अशा बंदीचा पुनरुच्चार होत राहिला. बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागते याचा अर्थ काम चालूच होतं. गोव्यातल्या चर्चमधल्या व्यासपीठांच्या तळाशी नागिणी कोरलेल्या दिसतात, देवदूतांच्या गळ्यात आणि दंडावर आपल्याकडचे दागिने दिसतात. या कारागिरांनी सही केली नाही, पण हात लपवलेलाही नाही.

अशा मूर्तीचं अंग कसं तयार होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण जतनाचा सगळा प्रश्न तिथेच आहे. लाकूड बहुधा सागवान. कोरून झाल्यावर त्यावर खडू किंवा जिप्सम सरसात कालवून त्याचे थरावर थर देतात आणि ते घासून गुळगुळीत करतात. त्यावर तांबूस, मऊ चिकणमातीचा हात. तो ओलसर करून सोन्याचा वर्ख अलगद ठेवतात आणि वाळत आला की अकीकाच्या दगडाने घोटतात. वर्ख मिलिमीटरच्या साधारण दहाहजाराव्या भागाइतका पातळ असतो. त्या सोन्याला जी ऊब दिसते ती खालच्या तांबड्या मातीची असते. वस्त्राचा भाग असेल तर सोन्यावर रंग देऊन, तो टोकदार काडीने खरवडून खालचं सोनं नक्षीसारखं उघडं करतात. दुरून पाहणाऱ्याला जरीचं कापडच वाटावं.

आता अशी मूर्ती हाती आली तर आधी फिरवून पाठ पाहावी. भिंतीला टेकून उभी राहणारी मूर्ती मागून पोखरलेली असते. वजन कमी व्हावं आणि वाळताना लाकूड तडकू नये म्हणून. तिथे तासणीचे घाव तसेच राहतात, रंगाचा पत्ता नसतो. मिरवणुकीची मूर्ती मात्र पाठीवरही घोटलेली असते, केसांच्या लडी आणि वस्त्राच्या चुण्या मागेही उतरलेल्या असतात. तळाला खिळ्यांची किंवा दांड्याची भोकं, चौथऱ्याच्या कडेला लोखंडी कड्या. खांदेकऱ्यांचे हात जिथे वर्षानुवर्षं पडले तिथलं सोनं झिजून खालची तांबडी माती डोकावते. कोणत्याही कागदापेक्षा ही पाठ त्या मूर्तीचा इतिहास स्पष्ट सांगते.

लाकडाची पूर्ण मूर्ती खांद्यावर जड होते. म्हणून आणखी एक सोय निघाली: चेहरा, हात आणि पाय तेवढे कोरायचे, मधला भाग पट्ट्यांच्या सांगाड्याचा आणि वरून खरं कापड. वारा लागला की झगा हलतो आणि संत चालल्यासारखा दिसतो. पाठीचा प्रश्न कापडाने सुटतो. गोवा वेल्हा इथल्या सेंट अँड्र्यू चर्चची संतांची मिरवणूक याच परंपरेतली. फ्रान्सिस्कन तिसऱ्या संघाने ती सतराव्या शतकात सुरू केली, १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केल्यावर ती खंडित झाली आणि पुढे पुन्हा सुरू झाली. चाळीस दिवसांच्या उपासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी माणसाएवढ्या उंचीचे संत खांद्यावर बसून एकामागोमाग एक गावातून फिरतात. रस्त्याच्या दुतर्फा गर्दी, जत्रेची दुकानं, हातपंखे विकणारे. कोणाही मराठी माणसाला तिथे परकं वाटू नये.

आणि फ्रान्सिस झेवियर. त्याच्या शवासाठी १६३६-३७ मध्ये गोव्याच्या सोनारांनी चांदीची पेटी घडवली. तिच्या चारही बाजूंनी संताच्या आयुष्यातले प्रसंग उठावात कोरलेले आहेत. पाहणारा कुठेही उभा असो, त्याच्यापुढे काही ना काही गोष्ट उलगडतेच. पेटीखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या तिसऱ्या कोसिमो मेदिचीने पाठवला, तो १६९८ मध्ये बसवला. दर दहा वर्षांनी होणाऱ्या प्रदर्शनात शव बॅसिलिकातून से कॅथेड्रलला मिरवत नेतात. अलीकडचं प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं.

इथे एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे, आणि ती मला कुठे मांडलेली आढळली नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. गोव्यातल्या या मोठ्या मिरवणुकांचं पंचांग पाहा. संतांची मिरवणूक मार्च-एप्रिलमध्ये, क्रूस वाहणाऱ्या येशूच्या मिरवणुकाही त्याच उपासकाळात, झेवियरचा सण ३ डिसेंबरला. सगळे कोरडे महिने. सरस पाण्यात विरघळतो. त्याच्यावर बसलेला वर्ख पावसात टिकणार नाही. ख्रिस्ती पंचांग युरोपातून आलं, ते कोकणच्या पावसासाठी आखलेलं नव्हतं. पण सोनेरी लाकडाला गोव्यात चार शतकं बाहेर पडता आलं त्यात या योगाचा वाटा मोठा आहे. उलट आपली वारी ज्येष्ठ-आषाढात, ऐन पावसात. तिथे वर्खाचं लाकूड चालणारच नाही. तिथे धातू हवा, दगड हवा, आणि वरून छत्र-अब्दागिरी.

देहूच्या परंपरेने या सगळ्याला दिलेलं उत्तर थक्क करणारं आहे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला, तो तुकोबांच्या पादुका घेऊन. आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुकाही बरोबर घेतल्या. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला, तोही पादुकांचाच. पादुकांना चेहरा नाही, म्हणून पाठही नाही. पालखी दोन्ही बाजूंनी उघडी असते. डावीकडून आलेल्या हाताला आणि उजवीकडून आलेल्या हाताला सारखंच दर्शन होतं. फुलांच्या आणि तुळशीच्या राशीत चांदीची किनार तेवढी दिसते, हात आत जातो, टेकतो आणि दुसऱ्यासाठी बाजूला होतो. शिवाय पाऊल म्हणजे चालणं. युरोपातल्या मूर्तिकाराने दुसरी बाजू रंगवून जे साधलं, ते इथे बाजूच न ठेवता साधलं आहे. दोन्ही उत्तरांमागे मागच्या माणसाची कळकळ एकच आहे असं मला वाटतं.

चिंचवडचा मंगलमूर्ती हा याच पट्ट्यातला दुसरा मोठा प्रवासी. मोरया गोसावींना कऱ्हेच्या पात्रात मिळालेली ही मूर्ती मंगलमूर्ती वाड्यात असते आणि भाद्रपद व माघातल्या चतुर्थीसाठी पालखीतून मोरगावला जाते. पवनेकाठची समाधी स्थिर, वाड्यातला देव चालता. एकाच गावात दोन्ही. भाद्रपदात पाऊस असतो, पण शेंदराच्या लेपाखालच्या दगडाला त्याचं भय नाही.

पिंपरी-चिंचवडचं वेगळेपण असं की इथे १९५४ नंतर, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सुरू झालेल्या कारखानदारीमागोमाग देशभरचे चालते देव गोळा झाले. त्याआधीच, फाळणीनंतर, पिंपरी कॅम्पात वसलेले सिंधी चेटीचंडला झुलेलालचा बहराणा काढतात: थाळीत तेवती ज्योत, कलश, खडीसाखर, फळं. ज्योतीला चारी बाजू सारख्या. मल्याळी ख्रिस्ती पेरुन्नाळच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, मिरवणुकीत दांड्यावरचे सोनेरी-चंदेरी क्रूस आणि रंगीत छत्र्या घेऊन निघतात. युरोपातल्या दुहेरी प्रतिमेचे ते जवळचे नातलग, क्रूस दोन्हीकडून क्रूसच दिसतो. मोहरमचे पंजेही तसेच. चाकण, भोसरीच्या कारखान्यांत राबणारे कोकणी शिमग्याला रजा टाकून गावी जातात ते ग्रामदेवतेची रुपी, म्हणजे मुखवटे, लागलेली पालखी नाचवायला. तिथे पाठ-पोट राहतच नाही. पालखी गरगर फिरते आणि देव सगळ्यांकडे वळून पाहतो.

खेड तालुक्याच्या शेजारच्या आंबेगावातलं घोडेगाव इथे विसरता येणार नाही. तुळजाभवानीच्या निद्रेसाठीचा पलंग दरवर्षी तिथून मिरवत तुळजापूरला जातो. तुळजापूरची मूर्तीच चल आहे. उत्सवासाठी वेगळी मूर्ती न काढता मूळ मूर्तीच सिंहासनावरून उचलतात आणि दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी पालखीत बसवतात. इतर बहुतेक ठिकाणी मूळ मूर्तीला धक्का नको म्हणून उत्सवमूर्ती वेगळी असते. जेजुरीचा खंडोबा सोमवती अमावास्येला कऱ्हास्नानाला जातो तो उत्सवमूर्तींच्या रूपानेच.

बरोक या पट्ट्यात अजिबात आलंच नाही असं मात्र नाही. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात भीमाशंकरच्या देवळापुढे १७२९ साल कोरलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली आणि तिथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत पोचल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा १७२१ ची, मेणवलीची १७०७ ची. ज्या चर्चमध्ये त्या वाजत होत्या तिथे सोनेरी वेद्या आणि मिरवणुकीचे संत होते. धातूची घंटा सह्याद्री चढून आली आणि जगली. सोनेरी लाकूड इथवर आलं असतं तरी भीमाशंकरच्या धुक्यात आणि पावसात ते तगलं नसतं.

आता जतनाचा प्रश्न. मिरवणुकीच्या वस्तूचे शत्रू घरातलेच असतात आणि ते प्रेमाने वागणारे असतात. ओल्या फडक्याने पुसलेली सोनेरी मूर्ती दर पुसण्यात थोडा वर्ख गमावते. निस्तेज दिसते म्हणून तिच्यावर बाजारातला सोनेरी रंग फासला जातो. त्यात पितळेची भुकटी असते, ती काही वर्षांत काळपट-हिरवट पडते आणि खालचं खरं सोनं तिच्याखाली गाडलं जातं. चांदीचे मुखवटे चिंच, राख, रांगोळी लावून घासले की नाकाचा शेंडा आणि डोळ्यांच्या कडा सपाट होत जातात. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत धातूवर मुलामा चढवणारे कारखाने आहेत, आणि जुन्या वस्तू तिथे टाकीत बुडवून तासाभरात लखलखीत करून मिळतात. कारखानदार आपलं काम चोख करतो. पण बुडवण्याआधी वस्तू आम्लाने साफ होते आणि शंभर वर्षांच्या हातांनी आणलेली झीज, जुन्या सोनाराच्या छिन्नीची धार, कोपऱ्यातली अक्षरं, सगळं एकदाच धुऊन जातं. देवस्थानच्या विश्वस्तांना माझं कळकळीचं सांगणं आहे: असा निर्णय सभेत घाईने घेऊ नका. आधी संवर्धनतज्ज्ञाला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला-संवर्धन केंद्र आहे. अशा ठिकाणी विचारायला संकोच कसला?

संग्रहालयांची बाजूही पाहिली पाहिजे. गोव्याचं ख्रिस्ती कला संग्रहालय १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं, २००२ मध्ये जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात आलं आणि मोठ्या नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. मुंबईत गोरेगावला सेंट पायस कॉलेजात आर्चडायोसीजचं वारसा संग्रहालय आहे. या संस्था नसत्या तर कितीतरी मूर्ती वाळवीने खाल्ल्या असत्या किंवा चोरबाजारात गेल्या असत्या. तरीही संग्रहालयात मिरवणुकीची वस्तू भिंतीला लावली की तिचं निम्मं अंग मिटतं. दुहेरी प्रतिमा मधोमध, प्रदक्षिणा घालता येईल अशी ठेवली पाहिजे. पाठीमागे आरसा लावणं ही अगदीच तडजोड. आणि मूर्ती ज्या उंचीवर पाहिली जावी म्हणून घडली, म्हणजे खांद्यावर, त्याच उंचीवर ती असावी. डोळ्यांच्या पातळीला आणली की चेहऱ्याची प्रमाणं चुकल्यासारखी दिसतात.

मिरवणूक थांबवून वस्तू वाचवायची की वस्तू झिजू देऊन मिरवणूक जगवायची, हा वाद जगभर चालतो. पुरीच्या जगन्नाथाने त्यातून वेगळीच वाट काढली: लाकडी मूर्तीच बदलायची, जशी १९९६ मध्ये आणि २०१५ मध्ये बदलली. माझं मत मिरवणुकीच्या बाजूने आहे, पण अटीसह. जी वस्तू शंभर-दोनशे वर्षं खांद्यावर होती तिला खांदा मिळालाच पाहिजे. फक्त पावसात नको, फुलांचं पाणी थेट अंगावर नको, आणि वजन पेलणारे सांधे दरवर्षी तपासलेले हवेत. वर्खाचं काम नाजूक झालं असेल तर प्रतिकृती बाहेर काढावी आणि मूळ मूर्ती त्या दिवशी चर्चच्या किंवा देवळाच्या मध्यभागी सर्व बाजूंनी खुली ठेवावी.

सर्वांत मोठी उणीव नोंदींची आहे. कोणत्याही देवस्थानच्या स्मरणिकेत पाहा: पालखीचे, रथाचे, मुखवट्यांचे फोटो समोरूनच. पाठीचा फोटो जवळजवळ कधीच नसतो. म्हणजे दुरुस्ती, मुलामा, चोरी, अपघात, काहीही झालं तरी निम्म्या वस्तूचा पुरावाच आपल्याकडे नाही. वजन किती, दांड्याची भोकं कुठे, कोणत्या साली कोणी पत्रा बदलला, खांद्याचा मान कोणाचा, रथामागे कोणती दिंडी, हे बहुतेक ठिकाणी दोन-चार वयस्क माणसांच्या तोंडी आहे. वारीआधी देहू-आळंदीत रथ आणि पालखीला उजाळा देण्याचं काम चालतं तेव्हा वस्तू कारागिराच्या हातात आणि उजेडात असतात. एक जाणकार, एक मोजपट्टी आणि चारी बाजूंनी काढलेले फोटो एवढ्यावर ही नोंद त्याच वेळी होऊ शकते. चिंचवडला भाद्रपदाआधी, आणि चर्चमध्ये उपासकाळाच्या तयारीत.